सी. रामचंद्रांच्या मुंबईत, पायी पायी

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत माझे नाव आजवर आले ते मंडप समितीच्या यादीत, नाहीतर जाहिराती गोळा करणाऱ्यांच्या आभारात. लेख लिहिण्याची ही पहिलीच खेप. संपादक मंडळाने यंदा विषय मोकळा ठेवला तेव्हा आमच्या नानांनी पाटीवर लिहून दिले की लिहायचेच असेल तर अण्णांवर लिही. पाटीवर का, ते पुढे येईल. अण्णा म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. आमच्या घरात अण्णा म्हटले की दुसरे कोणी नव्हतेच.

फ्रीगंजातल्या जुन्या मंडळींना नाना आठवत असतील. गणपतीच्या दहा दिवसांत आरत्यांना पेटीवर बसायचे ते. कापड गिरणीत नोकरी, ती गिरणी बंद पडल्यावर एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम, आणि संध्याकाळी पेटी. आरत्या, मंत्रपुष्पांजली, प्रसाद झाला आणि वडीलधारी मंडळी घरी वळली की नाना हळूच 'अलबेला'तली चाल धरायचे आणि आम्ही पोरे नाचायचो. मी आठवीत जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते की रेकॉर्डवर गायक म्हणून ज्याचे नाव चितळकर असते तो आणि संगीतकार म्हणून ज्याचे नाव सी. रामचंद्र असते तो, हा एकच माणूस आहे. यावरून मी वर्गमित्राशी पैज लावली होती आणि हरलो होतो. नानांनी त्या दिवशी मला समोर बसवून अख्खे चरित्र ऐकवले.

गेल्या दिवाळीनंतर नानांचा आवाज बसला तो सुटेना. इंदूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ आहे म्हणून सांगितले आणि परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. डिसेंबर संपता संपता अर्जित रजा टाकून मी नानांना घेऊन अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलो. दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रस्त्यावर गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे जागा मिळाली. किरणोपचार साडेसहा आठवड्यांचे, आठवड्यातून पाच दिवस. घशाला आराम हवा म्हणून बोलणे अगदी बंद. शाहात्तर वर्षांच्या गप्पिष्ट माणसाला हे फार जड गेले. मी फाळके रस्त्यावरच्या एका दुकानातून शाळेची पाटी आणि खडूची पेटी आणली.

पुण्याहून ताई आली होती. दुपारी ती नानांजवळ बसे आणि मला तीनचार तास मोकळे मिळत. रुग्णालयाच्या आवारात बसून राहिले की मन नको तिकडे जाते. चालणे हा माझ्या नोकरीचाच भाग. मी लोक निर्माण विभागात उपयंत्री, आयुष्य रस्ते मोजण्यात गेले. तेव्हा मी नानांच्या पाटीवर विचारले, अण्णांच्या मुंबईत काय काय पाहून येऊ? त्यांनी यादी लिहिली. पहिले नाव होते मिनर्व्हा, शिवडी.

मिनर्व्हापर्यंत अण्णा कसे पोचले ते आधी सांगतो. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध, शिर्डीही तिथून जवळच. मुलाचे शाळेत लक्ष नव्हते, गाण्यात होते. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात ते गाणे शिकले. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पुढे ज्यांनी अण्णांना इंग्रजी चालींचा माणूस म्हणून हिणवले, त्यांनी हे लक्षात घेतले नाही.

पण मनात होते नट व्हायचे. दिसायला देखणे, उंचीपुरी अंगलट. १९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' चित्रपटात थेट नायकाची भूमिका मिळाली आणि चित्रपट साफ पडला. सतराव्या वर्षी नायक आणि अठराव्या वर्षी बेकार, असा तो प्रकार. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये 'सईद-ए-हवस' आणि 'आत्मतरंग' या चित्रपटांत किरकोळ कामे केली. पोट भरायला तिथेच हार्मोनियम धरली. मिनर्व्हाचे संगीतकार होते बुंदू खाँ आणि हबीब खाँ. त्यांच्या हाताखाली साथ करता करता या माणसाला कळले की आपली जागा कॅमेऱ्यासमोर नाही, पेटीमागे आहे. नानांना हा भाग फार आवडतो. पडलेल्या नायकाला पेटीने उचलले, असे ते म्हणत.

शिवडीला मी गेलो तो संक्रांतीच्या आदल्या दिवशी, रविवारी. परळहून चालत पाऊण तास लागला. दोनच दिवसांपूर्वी, १२ जानेवारीला, शिवडीहून न्हावाशेव्याला जाणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले होते. म्हणजे नेमका अण्णांचा जन्मदिवस. मी तिथे किती वेळ नुसता पुलाकडे पाहत उभा राहिलो, हे या लेखात सांगण्यासारखे नाही. पण ज्या माणसाच्या नोकरीत मोठ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाल्यावरचा पूल, त्याला कोणीही समजून घेईल. मिनर्व्हा मात्र सापडला नाही. गोदामे, ट्रक, कोळशाने काळवंडलेल्या भिंती. चहावाल्याला विचारले, दोन म्हाताऱ्या हमालांना विचारले, कोणाला नावही माहीत नव्हते. खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरले होते, शेकड्यांनी, गुलाबी. संध्याकाळी नानांना मी पक्ष्यांचे वर्णन केले आणि स्टुडिओचे टाळले. त्यांनी पाटीवर लिहिले, पेटी कुठे ठेवली असेल रे त्यांनी.

संगीतकार म्हणून अण्णांचे पहिले दोन चित्रपट तमिळ आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. 'जयकोडी' आणि 'वनमोहिनी', १९४० आणि १९४१ सालचे. दोन्हींचे दिग्दर्शक आपले भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाला घेऊन तमिळ चित्रपट काढावा, हीच मुळी गंमत. १९४२ मध्ये भगवानदादांच्याच 'सुखी जीवन'पासून हिंदीतले काम सुरू झाले. ही मैत्री दोघांनाही पुढे फार उपयोगी पडली.

मग फिल्मिस्तान. 'सफर' १९४६ चा, आणि १९४७ मध्ये 'शहनाई'. त्यातल्या रविवारच्या गाण्याने देशभर धुमाकूळ घातला. दिग्दर्शक आणि गीतकार प्यारेलाल संतोषी, आणि चालीत साहेबी थाट, शिट्या, मिष्कीलपणा. त्या काळच्या सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. आमच्या आजोबांनीही मुरडली होती म्हणे. पण नाके मुरडणारेही नंतर न्हाणीघरात तेच गुणगुणत. पुढची काही वर्षे अण्णांनी सुट्टी म्हणून घेतली नाही. 'खिडकी', 'नदिया के पार', 'पतंगा', 'समाधी', 'सरगम'. 'पतंगा'तले टेलिफोनचे गाणे शमशाद बेगम यांच्यासोबत स्वतः अण्णांनीच गायले आहे, चितळकर या नावाने. रंगून आणि डेहराडून ही दोन गावे भारतातल्या पोरासोरांना भूगोलाच्या पुस्तकाआधी या गाण्याने ठाऊक झाली.

हे सगळे साहेबी वाजवणार कोण? इथे मला नानांच्या यादीतले दुसरे ठिकाण आठवते. त्यांनी लिहिले होते ताजमहाल हॉटेल, बाहेरूनच. शेवटचा शब्द अधोरेखित. बोरीबंदरला उतरून हुतात्मा चौक, काळा घोडा करत मी अर्ध्या तासात अपोलो बंदरावर पोचलो. ताजमध्ये त्या काळी गोव्याच्या वादकांचे बँड वाजत. हल्दोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, तिथे ट्रंपेट वाजवत. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्यामुळे हे लोक कागदावर लिहिलेले संगीत वाचून वाजवू शकत, आणि पन्नास वादकांचा वाद्यमेळ एका तालात चालवायचा तर ते लागतेच. रात्री ते हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत येऊन अण्णांसारख्या संगीतकारांकडे वाजवत. अण्णा पेटीवर चाल सांगणार, गोव्याचा माणूस तिचा वाद्यमेळ कागदावर उतरवणार, ढोलकी आणि तबला आपापली वाट काढणार. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बोंगो ही वाद्ये आपल्या कानांना परकी वाटेनाशी झाली त्यात या जोडकामाचा वाटा फार मोठा. 'अलबेला'त एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पुन्हा पाहाल तेव्हा लक्ष ठेवा.

'अलबेला' १९५१ चा. भगवानदादा तोवर मारामारीचे स्वस्त चित्रपट काढत. राज कपूर यांनी त्यांना सामाजिक चित्रपट काढा असे सुचवले, असे सांगतात. दादांनी स्वतः नायक व्हायचे ठरवले, समोर गीता बाली, गाणी राजेंद्र कृष्ण यांची. ना रूप ना उंची, पण अंगात ताल असा की हात जरासा हलवला तरी चित्रपटगृहात लोक उठून नाचत. चित्रपट चालला तो गाण्यांवर. दादांना जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात मोटारी मिळाल्या आणि पुढे त्या सगळ्या गेल्याही. अखेरीस ते दादरच्या चाळीत परतले आणि २००२ साली तिथेच वारले. गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर आली की थांबायची, बँडवाले 'अलबेला'ची चाल धरायचे आणि म्हातारे दादा खाली येऊन आपला तो पदन्यास करून दाखवायचे, असे दादरकर आजही सांगतात. हे मी धर्मशाळेत रात्री नानांना सांगितले. त्यांनी पाटीवर काही लिहिले नाही. नुसते दोन हात वर करून, खांदे किंचित हलवून, बसल्या जागी तो नाच करून दाखवला. पलीकडच्या खाटेवरचे बिहारचे गृहस्थ हसू लागले.

माझे आणि नानांचे एक जुने भांडण आहे. मी 'अलबेला'वाला, ते 'आझाद'वाले. त्याआधी १९५३ मध्ये 'अनारकली' आली होती. तिचे काम आधी वसंत प्रकाश यांच्याकडे होते. त्यांचे एक गाणे चित्रपटात राहिले आणि बाकीचे अण्णांनी केले. लताबाईंचा आवाज, हेमंतकुमारांचा आवाज, आणि रागांत अण्णांचा लाडका बागेश्री. त्या वर्षी 'अनारकली'ने गल्ल्याचे उच्चांक मोडले आणि शिट्यांचा संगीतकार म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. १९५५ च्या 'आझाद'ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. कोइमतूरचे श्रीरामुलू नायडू यांना सगळी गाणी महिनाभरात हवी होती. ते आधी नौशाद यांच्याकडे गेले. नौशादसाहेब एकेका चालीवर आठवडे घालवणारे, त्यांनी ही घाई आपल्याला जमणार नाही म्हणून नकार दिला. अण्णांनी होकार दिला आणि वेळेत काम पुरे केले. घाईचे काम कुठे जाणवते का ते शोधा, असे नानांचे आव्हान. मी गेली तीस वर्षे शोधतो आहे. एकच द्वंद्वगीत आहे ज्यात तलत महमूद यांच्याऐवजी अण्णांनाच उभे राहावे लागले. ते ऐकताना जाणवते की अण्णा तलतसाहेबांच्या गळ्याने गायचा प्रयत्न करताहेत. नानांच्या मते तीच त्या गाण्याची गोडी.

आता थोडे उज्जैनचे. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली. केसकर मराठी, आणि त्यांच्या या निर्णयाचा फटका बसला तोही एका मराठी संगीतकाराच्या ऐन बहराच्या काळात. मग लोक रेडिओ सिलोनकडे वळले. दौलतगंजात ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर बुधवारी संध्याकाळी अमीन सयानींची गीतमाला ऐकायला पोरे जमत. त्यांत नाना असत, सात-आठ वर्षांचे. खरखर एवढी की निम्मे गाणे कल्पनेने भरावे लागे. आमचे उपचार संपून आम्ही उज्जैनला परतलो तो फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता, आणि २० तारखेला सयानी गेल्याची बातमी आली. नाना दिवसभर पाटी घेऊन बसले नाहीत.

१९५७ च्या 'आशा'त आपल्या खंडव्याचे किशोरकुमार अण्णांकडे गायले. त्या अर्थहीन शब्दांच्या गाण्याची कल्पना खोलीबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडगाण्यावरून सुचली, असे सांगतात. त्याच सुमारास एक गोष्ट घडली जी अण्णांच्या कारकिर्दीला मुळापासून हलवून गेली. लताबाईंनी त्यांच्याकडे गाणे थांबवले. कारणे अनेकांनी अनेक सांगितली. दोघेही आता नाहीत, मी त्यात पडत नाही. एवढेच खरे की ज्या गळ्यासाठी ते चाल बांधत होते तो गळा गेला. दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता. शांतारामबापूंनी १९५९ मध्ये 'नवरंग' अण्णांना दिला, अण्णांनी आशाबाईंना पुढे केले, आणि होळीच्या दिवशी आजही आपल्या कॉलनीत ध्वनिक्षेपकावर काय लागते ते सर्वांना माहीत आहे. 'नवरंग' आणि १९६१ चा 'स्त्री' ज्या राजकमल कलामंदिराचे, ते परळलाच, टाटा रुग्णालयापासून चालत जाण्याजोगे. यादीतली जी जागा मला खात्रीने सापडली ती ही. फाटकाबाहेर उभा राहिलो, आत काही गेलो नाही. पहारेकऱ्याने कुठून आलात विचारले, मी उज्जैन म्हटले, त्याने महाकालाला नमस्कार सांगा म्हटले. तो निरोप मी पोचवला आहे.

यादीत शेवटचे नाव होते माहीमची चौपाटी. मला वाटले नानांची काहीतरी चूक झाली, अण्णांचा तिथे काय संबंध? त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, बडनगर.

मग लक्षात आले. माझ्या नोकरीची पहिली चार वर्षे बडनगर तहसिलीत गेली. इथून पन्नासेक किलोमीटरवरचे गाव. तिथे ६ फेब्रुवारी १९१५ रोजी कवी प्रदीप जन्मले. त्यांचे खरे नाव रामचंद्र नारायणजी द्विवेदी. म्हणजे दोघेही रामचंद्र, वयात तीन वर्षांचे अंतर, एक माळव्याचा, एक गोदाकाठचा. 'नास्तिक', 'तलाक', 'पैगाम' या चित्रपटांत दोघांनी एकत्र काम केलेले. १९६२ च्या चीन युद्धानंतर सारा देश मान खाली घालून होता. सैनिकांच्या मदतनिधीसाठी दिल्लीत कार्यक्रम ठरला. प्रदीपजी एके दिवशी माहीमच्या किनाऱ्यावर फिरत असताना ओळी सुचल्या, जवळ कागद नाही, पेन नाही. कोणाकडून पेन मागून घेतले आणि सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर लिहून ठेवल्या, अशी हकीकत आहे. ते गाणे 'ऐ मेरे वतन के लोगो'.

चाल बांधायला अण्णा होते. गायचे आधी आशाबाईंनी, मग दोघी बहिणींनी मिळून, असे ठरत गेले. प्रदीपजींना लताबाईच हव्या होत्या. लताबाईंनी अण्णांकडे गाणे सोडल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. अखेर त्या तयार झाल्या, आशाबाई दिल्लीला गेल्या नाहीत, आणि एकटीने गायचे ठरले. तालमीला पुरेसा वेळ नव्हता. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंडित नेहरू यांच्यासमोर ते गाणे झाले आणि पंडितजींचे डोळे भरून आले. हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो.

आपण ऐकत नाही ते हे की ज्याने ओळी लिहिल्या त्या बडनगरच्या माणसाला त्या समारंभाचे निमंत्रणच नव्हते. तो मुंबईत घरी होता. आणि ज्याने चाल बांधली त्या अण्णांचे नावही गाणे लावणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नाही. दर १५ ऑगस्टला आमच्या कार्यालयात ध्वजवंदनानंतर हे गाणे लागते. एकदा मी सहज विचारले, संगीत कोणाचे? तीन वेगवेगळी नावे आली, अण्णांचे एकही नाही. इंदूरला जन्मलेल्या लताबाई, बडनगरचे प्रदीपजी, आणि पुणतांब्याचे अण्णा. त्या गाण्याचा दोन तृतीयांश भाग आमच्या माळव्याचा आणि उरलेला तृतीयांश आपल्या महाराष्ट्राचा, तेव्हा आपल्यासारख्या उज्जैनच्या मराठी घरांना तरी तिन्ही नावे पाठ असायला हवीत. नाना त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. गाणे रेडिओवर प्रथम ऐकले तेव्हा आजीने चुलीवरची भाकरी करपू दिली, ही त्यांची आठवण मी लहानपणापासून ऐकतो आहे.

माहीमला मी दादरहून किनाऱ्याकिनाऱ्याने जायला निघालो, पण वाळू काही सलग नाही. मध्ये भिंती, वस्त्या, गटारांची तोंडे. सारखे आत रस्त्यावर येऊन पुन्हा समुद्राकडे वळावे लागले. अंतर तीन किलोमीटरचे, चाललो पाच. चौपाटीवर पोचलो तेव्हा ऊन उतरले होते, समोर वांद्रे-वरळीचा सागरी सेतू. खाली वाळूत एक गृहस्थ मोबाइलवर काहीतरी टिपत होते, वाण्याची यादीही असेल. मी फोटो काढला आणि रात्री नानांना दाखवला. ते बराच वेळ तो फोटो मोठा करून पाहत होते, जणू त्या वाळूत कागदाचा तुकडा सापडेल.

त्या गाण्यानंतर अण्णांना पुन्हा मोठे काम मिळेल असे वाटले होते. तसे झाले नाही. १९६३ च्या 'बहुरानी'नंतर हिंदीतला जोर ओसरला. काळ बदलला, नवे लोक आले, आणि अण्णांचा स्वभावही कोणाच्या दारात जाऊन उभे राहण्याचा नव्हता. पूर्वी न्यू साई प्रॉडक्शन्स काढून त्यांनी 'झांझर', 'लहरें' असे स्वतःचे चित्रपट केले होते आणि हात पोळून घेतले होते. तरी मराठीत 'धनंजय' आणि १९७० चा 'घरकुल' काढलेच. 'घरकुल'ची गाणी ऐका, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला हा माणूस आटला नव्हता हे कळेल. गदिमांचा 'गीतगोपाल' त्यांनी स्वरबद्ध केला. 'गीतरामायणा'च्या सावलीत तो झाकला गेला, याचे मला वाईट वाटते. कृष्णाच्या घरी, सांदीपनींच्या गावी, आपण तरी तो एखाद्या गोकुळाष्टमीला करायला हवा. कार्यकारिणीने विचार करावा.

'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र नानांकडे आहे, पाने सुटलेले. त्यात मोकळेपणा आहे आणि कडवटपणाही. काही गोष्टी लिहिल्या नसत्या तर बरे, असे मला वाटते. नानांना वाटत नाही. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अण्णा गेले, चौसष्टाव्या वाढदिवसाच्या सात दिवस आधी. त्यानंतर तेराव्या दिवशी, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या लालबाग-परळच्या चाळींत त्यांच्या चालींवर लोक नाचले त्या गिरणगावाचा आणि त्यांचा शेवट असा लागून आला. दुपारी चालताना मला तिथे चिमण्यांपेक्षा काचेच्या इमारती जास्त दिसल्या. चिमण्या म्हणजे गिरण्यांच्या, उडणाऱ्या नव्हेत. हे नानांना सांगितल्यावर त्यांनी पाटीवर आमच्या गिरणीच्या चिमणीचे चित्र काढले, बरेच नीट.

नानांचा आवाज आता थोडा परतला आहे, पण खरखरीत, सिलोन लागल्यासारखा. डॉक्टरांनी बेताने बोला म्हटले आहे, म्हणून पाटी अजून उशाशी असते. हा लेख त्यांनी वाचला आणि दोन हरकती घेतल्या. एक, 'आझाद'ला फारच कमी ओळी दिल्यात. दुसरी, यादीतले गोरेगावचे फिल्मिस्तान मी पाहिलेच नाही आणि ते लेखात लपवले. खरे आहे, राहूनच गेले. पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे, तिकिटे काढली आहेत. गोरेगाव स्टेशनपासून रिक्षा करायची नाही, चालत जायचे आणि मीही येणार, असे त्यांनी पाटीवर लिहून खाली सही केली आहे.